ब्रश मुरत घालताना

बाजारातून आणलेली वस्तू पहिल्या दिवशी जेवढी चांगली असते तेवढी पुन्हा कधी होत नाही, हा संसारी माणसाचा अनुभव. मोबाइलला पहिला ओरखडा पडतो, कुकरला पोचा येतो, पांढरा शर्ट पहिल्याच धुण्यात शेजारच्या शर्टाचा रंग घेऊन येतो. म्हणून तर नव्या गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक कित्येक जण वर्षभर काढत नाहीत. पाठीला घाम आला तरी चालेल, नवेपण जाता कामा नये.

मराठी घरातल्या काही वस्तू मात्र बरोबर याच्या उलट वागतात. नवा बिडाचा तवा पहिल्या दिवशी घावन सोडत नाही. त्याला तेल पाजा, अर्धा कांदा चोळा, तापवा, निववा, आठवडाभर आर्जवं करा, मग तो कामाला लागतो. कोल्हापुरी चप्पल आधी चावते आणि मग साथ देते. नवी केरसुणी पहिले चार दिवस काढते त्याहून जास्त केर स्वतःच करते. मांजरपाट दहा धुण्यांनंतर अंगाला टोचायचा थांबतो. लोणच्याचं तर सांगायलाच नको. या सगळ्यांसाठी मराठीत एक फार सोयीचं क्रियापद आहे: मुरणं. गंमत म्हणजे या मुरणाऱ्यांच्या यादीत दाढीच्या ब्रशाचं नाव कोणी घेत नाही. घेणार कसं? ज्यांनी नायलॉनच्या ब्रशानं जन्म काढला त्यांना हे ठाऊक नसतं, आणि ज्यांनी डुकराच्या केसांच्या ब्रशानं काढला ते कशाचे केस हे चारचौघांत बोलत नाहीत.

डोंबिवली पूर्वेला असे एक गृहस्थ राहतात. नाव सांगितलं तर त्यांच्या घरचा चहा बंद होईल. बँकेत छत्तीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी जलद लोकलच्या दारात उभं राहून. त्या काळात दाढी हे साडेतीन मिनिटांचं काम होतं. ट्यूब पिळायची, ब्रश फिरवायचा, पातं ओढायचं, तुरटी चोळायची आणि अर्धवट ओल्या कानांनी रिक्षा पकडायची. निवृत्तीनंतर हातात वेळच वेळ आला तेव्हा परदेशातल्या मुलानं सुट्टीला येताना बाबांसाठी एक ब्रश आणला. लाकडी मूठ, फिकट पिवळे ताठ केस, आणि खोक्यावर इंग्रजीत दोनच शब्द: प्युअर बोअर.

“बोअर म्हणजे हो?” बाईंनी खोकं उलटंसुलटं करत विचारलं.

गृहस्थांना माहीत होतं. विमानतळावरून घरी येताना मुलानं गाडीतच हळू आवाजात सांगून टाकलं होतं. पण आषाढ संपत आला होता, श्रावण पंधरा दिवसांवर होता, आणि या घरात श्रावणात कांदा-लसूणसुद्धा उंबऱ्याबाहेर असतो.

“अगं, बोअरचा आहे,” ते म्हणाले.

“बोअरच्या पाण्यासाठी वेगळा ब्रश निघालाय?”

प्रश्न अगदीच अडाणी नव्हता. इमारतीला दोन तऱ्हेचं पाणी येतं, नळाचं आणि नळाचं नसेल तेव्हा बोअरचं. बोअरच्या पाण्यात साबणाचा फेस होत नाही, डोक्यावर शाम्पू नुसता बसून राहतो, बादलीला पांढरा थर धरतो. कारण साधं आहे. जड पाण्यातलं कॅल्शियम साबणातल्या मेदाम्लाला धरून बसतं आणि फेसाऐवजी चिकट साका तयार होतो. तेव्हा अशा पाण्यासाठी कोणी खास ब्रश काढला असेल, हा तर्क शास्त्राला सोडून नव्हता. हो म्हणणं खोटं ठरलं असतं, नाही म्हणणं महागात पडलं असतं. गृहस्थ “तसंच काहीसं” एवढंच पुटपुटले आणि ब्रश घेऊन न्हाणीघरात गेले.

तर हा बोअर म्हणजे डुक्कर. त्याच्या मानेवर आणि पाठीच्या कण्यावर जे राठ केस उभे असतात, ते. थंड मुलखातल्या डुकराचा केस लांब आणि जाड, म्हणून त्याला भाव अधिक. हा केस मुळाशी जाड असतो, टोकाकडे निमुळता होत जातो आणि अगदी टोकाला त्याला दोन-तीन फाटे फुटलेले असतात. माणसाच्या केसांना फाटे फुटले की तेलाच्या जाहिराती सुरू होतात. डुकराच्या केसाला फुटले की त्याची किंमत वाढते. चांगला कारागीर जुडी बांधताना ही फाट्याची टोकं नीट वरच्या बाजूला लावतो आणि आकार देण्यासाठी त्यांना कात्री लावत नाही. फाटे कापले तर उरतो तो भिंतीला रंग द्यायचा ब्रश.

केस केराटिनचा, म्हणजे आपल्या नखाच्याच गोतातला. कोरडा असताना काडीसारखा, पाणी प्यायला की फुगतो आणि नरमतो. महागड्या ब्रशांत बॅजर या प्राण्याचे केस असतात, ते मुळातच बारीक टोकाचे आणि मऊ. बॅजरचा ब्रश पाणी केसांच्या मधल्या जागेत धरून ठेवतो, डुकराचा केस ते स्वतःच पिऊन टाकतो. म्हणून बॅजरचा ब्रश नळाखाली धरला की तयार, आणि डुकराचा मात्र पाच-दहा मिनिटं पाण्यात उभा करून ठेवावा लागतो, हरभरे भिजत घालतात तसा. भिजणं, फेसात घुसळणं आणि पुन्हा वाळणं, अशा फेऱ्या होत राहिल्या की टोकं आणखी फाटत जातात, एकाची दोन, दोनाची चार. वीस-पंचवीस दाढ्या झाल्या की टोकं मलमलीसारखी होतात आणि कणा मात्र ताठच राहतो. सगळी कमाई ती हीच. म्हणजे कारखान्यातून निघतो तो ब्रश निम्माच झालेला असतो. उरलेला निम्मा गिऱ्हाइकानं स्वतःच्या गालावर, पदरच्या साबणानं पुरा करायचा असतो, आणि त्यासाठी त्यानंच पैसे मोजायचे असतात.

फ्रेंच भाषेत बॅजरला आणि दाढीच्या ब्रशाला एकच शब्द आहे, ब्लेरो. जनावर आणि वस्तू एकाच नावानं, लपवाछपवी नाही. आपल्याकडे ब्रशाच्या कार्डावर ‘ब्रिसल’ छापलेलं असतं आणि ब्रिसल म्हणजे काय हे किराणा दुकानदारही सांगत नाही. भेळेच्या पाकिटावर हिरवा ठिपका शोधणारी कितीतरी शुद्ध शाकाहारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या वराहाच्या केसांनी गाल फेसाळत आली, ती या मौनाच्या आधारावर. आणि दाढीचंच का घ्या? अमेरिकेत नायलॉनच्या केसांचा टूथब्रश १९३८ साली निघाला. त्याआधी साहेबाच्या टूथब्रशात सर्रास डुकराचेच केस असत. तो ब्रश गालावर थांबत नसे, थेट दाढांपर्यंत जाई.

पहिल्या रात्री मुलाच्या सांगण्यावरून ब्रशाला कोमट पाण्यात थोडा शाम्पू घालून अंघोळ घालण्यात आली. कोमटच. कढत पाण्यानं बुडख्याचा गोंद सुटतो आणि मग केस मुठीसकट नाही, मुठीवाचून हातात येतात. पाण्याला पिवळट रंग आला आणि त्याबरोबर वास आला. त्या वासाचं वर्णन करायचं तर पावसात भिजलेलं घोंगडं डोळ्यांसमोर आणावं, आणि त्याखाली एक शेळी बसवावी.

“अहो, काहीतरी कुबट येतंय,” स्वयंपाकघरातून आवाज आला. “तुमचे मोजे आहेत का कुठे?”

“पावसाळी हवा,” गृहस्थ म्हणाले. आषाढात डोंबिवलीत हे उत्तर कशालाही चालतं.

दुसऱ्या दिवशी सकाळचा देखावा असा. बेसिनच्या कडेला स्टीलच्या वाटीत ब्रश डोकं खाली करून दहा मिनिटं बसलेला. (वाटी श्रीखंडाच्या सेटमधली, पण तो तंटा वेगळा.) गृहस्थांनी ब्रश उचलला, पाणी झटकलं, साबणाच्या गोल वडीवर अर्धा मिनिट घुसळला. फेस आला, आणि कसा? म्हशीच्या दुधावरच्या सायीसारखा, जाड, चकचकीत. समाधानानं त्यांनी तो गालाला लावला आणि रेझरमधलं पातं घट्ट आहे ना ते पाहायला मान वळवली. पुन्हा आरशात पाहिलं तर गालावर फेस नाही. ब्रशावर पाहिलं, तिथंही नाही. नुसतं पांढुरकं पाणी मनगटावरून कोपराकडे चाललेलं. नवा ब्रश फेस खातो. त्याचे केस अजून तहानलेले असतात, ते फेसातलंच पाणी ओढून घेतात, आणि केसांवर उरलासुरला मूळचा तेलकटपणा बाकीच्या बुडबुड्यांचा निकाल लावतो. गृहस्थांनी दुसऱ्यांदा घुसळलं, तिसऱ्यांदा घुसळलं. ब्रश गालावर असा टोचत होता की दाढी करायला निघालोय की घासणीनं कढई घासायला, हे त्यांना कळेना. शेवटी हनुवटीवर तीन पिवळे केस चिकटून राहिले. ते त्यांचे नव्हते.

बँकेचा माणूस. त्यांनी केस उचलून कागदावर ठेवले, वाटीतले मोजून घेतले, एकूण सात भरले. मग जुन्या डायरीत रकाने आखले: तारीख, भिजवण्याची मिनिटं, गळालेले केस, फेसाला दहापैकी गुण. पहिल्या दिवशी फेसाला दोन गुण मिळाले, तेही सहानुभूतीनं.

“केस गळतायत म्हणजे माल खराब असणार,” संध्याकाळी ते डायरीत पाहत म्हणाले.

“नवी केरसुणी चार दिवस भुसा टाकतेच,” बाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. “झटकत राहा. पाचव्या दिवशी थांबलं नाही तर मग परत द्या.”

परदेशी ब्रशवाले जी गोष्ट लांबलचक सूचनापत्रकात सांगतात ती हीच. जुडीत नीट न बसलेले दहा-वीस केस सुरुवातीला जाणारच. महिना झाला तरी थांबलं नाही, तर दोष गोंदाचा.

या राठ केसांनी एकेकाळी मोठमोठी सरकारं हलवली आहेत, हे त्या सात केसांकडे बघून कोणाला खरं वाटणार नाही. दुसऱ्या महायुद्धापर्यंत जगाला लागणारे बरेचसे केस चीन पुरवत असे, आणि त्यात चुंगकिंगच्या काळ्या केसांना मोठा मान. जपाननं चीनचे किनारे अडवले, १९४२ मध्ये ब्रह्मदेशातून जाणारा रस्ताही बंद झाला, आणि अमेरिकेची पंचाईत झाली. दाढीमुळे नाही, रंगामुळे. जहाजं, विमानं, तोफा, सगळ्यांना रंग द्यायचा आणि रंगाचे ब्रश डुकराच्या केसांचे. केस ही युद्धसामग्री ठरली, त्यांच्या वाटपावर सरकारी नियंत्रण आलं, आणि चीनला दारूगोळा पोहोचवून परतणाऱ्या विमानांतून हिमालयावरून डुकराचे केस येऊ लागले. माणसांना ज्या विमानात जागा मिळणं कठीण, त्यात वराहाच्या आयाळीचा प्रवास.

हिंदुस्थानही या धंद्यात मागे नव्हता. ब्रिटिशांच्या काळात कानपूर ही राठ केसांची मोठी पेठ होती आणि तिथल्या खटीक समाजातल्या व्यापाऱ्यांचा माल विलायतेला जाई. आजही उत्तर प्रदेशात बिजनौर जिल्ह्यातलं शेरकोट हे गाव ब्रशांचं गाव म्हणूनच ओळखलं जातं. रंगाऱ्याचे, चित्रकाराचे, नाना तऱ्हेचे ब्रश तिथं घरोघर बांधले जातात. या गावाचं नाव अधूनमधून वर्तमानपत्रात येतं ते मात्र दुसऱ्या केसांमुळे. चित्रकारांना मुंगसाच्या केसांचा ब्रश प्यारा, आणि मुंगूस कायद्यानं संरक्षित. २०१९ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्यूरोनं ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ या नावानं देशभर छापे घातले, त्यात शेरकोटही होतं. डुकराच्या केसाबद्दल अजून कोणी छापा घातलेला नाही, एवढं डोंबिवलीच्या गृहस्थांचं नशीब.

मात्र केसांच्या बाबतीत अगदी निर्धास्त राहावं असाही इतिहास नाही. पहिल्या महायुद्धात दाढीच्या ब्रशानं माणसं मारली आहेत. त्याआधी रशियातून येणारे बॅजरचे केस जर्मनी-फ्रान्समार्गे येत आणि वाटेत त्यांचं निर्जंतुकीकरण होई. युद्धानं ती वाट तुटली. व्यापाऱ्यांनी चीन, जपान, सैबेरियाकडून आलेले घोड्याचे केस बॅजरसारखे रंगवून ब्रशात भरायला सुरुवात केली, आणि त्यातल्या काहींमध्ये काळपुळीचे, म्हणजे अँथ्रॅक्सचे, बीजाणू होते. सैनिकांना दाढी करणं तर भागच. विषारी वायूचा मुखवटा चेहऱ्यावर नीट बसायचा तर गाल तुळतुळीत हवा. वायूपासून वाचण्यासाठी दाढी करायची आणि दाढीच्या जखमेतून काळपुळी घ्यायची, असा तो व्यवहार झाला. अलीकडे, २०१७ मध्ये, अमेरिकी संशोधकांनी जुनी कागदपत्रं चाळली तेव्हा असे दोनशेहून अधिक रुग्ण नोंदलेले सापडले. युद्धातल्या त्या अनुभवानंतर कारखानदार ब्रशाच्या मुठीवर ‘निर्जंतुक’ असा शिक्का मारू लागले. जुन्या बाजारात तसे ब्रश अजून मिळतात. हे सगळं घोड्याच्या केसांचं पाप, आपल्या कथानायकाचा त्यात संबंध नाही. पण गृहस्थांनी हे वाचलं त्या दिवशी ब्रशाला दुसऱ्यांदा शाम्पू झाला.

आता अडचण हवेची. मुरायला नुसतं भिजणं पुरत नाही, वाळणंही लागतं, आणि आषाढात डोंबिवलीत बनियनसुद्धा तीन दिवस वाळत नाही. ब्रश बाल्कनीत ठेवला तर वाऱ्याबरोबर शिंतोडे. न्हाणीघरात ठेवला तर बुरशीची भीती. पंख्याखाली ठेवला तर येणारा-जाणारा विचारतो, हे काय. शेवटी तो फ्रिजच्या मागच्या बाजूच्या गरम हवेत एका दोरीला उलटा टांगण्यात आला. उलटा की सुलटा, यावर ब्रशप्रेमी मंडळींत जो वाद आहे तो पाहिला की वाटतं, श्राद्धाला पिंड कुठल्या दिशेला ठेवावा यावर आपल्याकडे उगाचच एवढी चर्चा होते. खरं तर झटकून मोकळ्या हवेत ठेवला की दोन्ही तऱ्हांनी वाळतो. पण उलट्या टांगण्याला एक गांभीर्य आहे.

वीस दाढ्यांचा हिशेबही आपल्याकडे सरळ चालत नाही. युरोपातल्या माणसाच्या वीस दाढ्या वीस दिवसांत होतात. इथं सोमवारी करायची नाही, शनिवारी करायची नाही, संकष्टीला नको, एकादशीला नकोच नको. श्रावण लागेपर्यंत गृहस्थांच्या डायरीत जेमतेम आठ नोंदी झाल्या होत्या, फेस दोनावरून साडेचारावर आला होता, आणि घराच्या रिवाजाप्रमाणे पुढचा महिनाभर गालाला पातं लागणार नव्हतं.

“फोम का नाही घेत?” शेजारच्या ब्लॉकमधला तरुण म्हणाला. “डबा दाबला की फेस. ब्रशाची कटकटच नाही.” त्याला वाटलं तो काही नवं सांगतोय. ब्रशाला घरातून हाकलण्याची मोहीम शंभर वर्षं जुनी आहे. अमेरिकेत १९१९ साली बार्बासोल नावाचं बिनब्रशाचं क्रीम आलं, १९२५ मध्ये बर्मा-शेव्ह आलं. या दुसऱ्या कंपनीनं तर रस्त्याच्या कडेला ओळीनं पाट्या लावल्या, दर पाटीवर यमकाचा एकेक तुकडा, म्हणजे मोटार पुढे जाईल तसतशी कविता पुरी होई. कविता संपल्या, त्या पाट्याही गेल्या, ब्रश आहे तिथंच आहे.

दाढीशिवाय ब्रश मुरवायचा उपाय अर्थातच शोधून ठेवलेला आहे. रोज तो भिजवायचा, साबणावर फिरवायचा आणि डाव्या तळहातावर पाच मिनिटं फेस घुसळून धुऊन टाकायचा. गालाचं काम तळहातानं करायचं, म्हणजे नवरदेवाऐवजी कट्यारीशी लग्न. गृहस्थांनी यासाठी संध्याकाळच्या बातम्यांची वेळ धरली. श्रावणात साडेसात वाजता त्या घरात जो शिरेल त्याला असं दिसे: टीव्हीवर चार माणसं एकदम ओरडतायत, समोर आठवड्याची दाढी वाढलेला माणूस खुर्चीत बसलाय, मांडीवर टॉवेल, आणि तो एकाग्रपणे स्वतःच्या हातावर फेस करतोय.

एकदा याच वेळी बेल वाजली. बाई देवळात गेलेल्या. गृहस्थांनी कोपरानं कडी काढली. दारात सोसायटीचे सेक्रेटरी, हातात पाण्याच्या टाकीच्या वर्गणीची पावती. त्यांनी फेसाच्या हाताकडे पाहिलं, मग दाढीकडे पाहिलं, मग पुन्हा हाताकडे.

“दाढी करताय? श्रावणात?”

“नाही, नाही. नुसता फेस.”

सेक्रेटरींनी पावती दाराच्या कडीत अडकवली आणि उद्या येतो म्हणाले. उद्या आले नाहीत. वर्गणी गणपतीनंतर घ्यायला आले आणि येताना खजिनदारांना बरोबर घेऊन आले.

डायरीतले आकडे मात्र सुधारत गेले. अकराव्या फेसाच्या आसपास केस गळायचे थांबले. पंधराव्यापर्यंत वास गेला, म्हणजे साबणाचा तेवढा राहिला. ब्रशाचं रूपही बदललं. आणला तेव्हा तो आवळून बांधलेल्या शेंडीसारखा होता, आता वाळला की फुलायचा, चांगला गोंड्यासारखा. विसाव्या फेसानंतर गृहस्थांनी टोकांना भिंग लावून पाहिलं. प्रत्येक केसाच्या टोकाला बारीक फाटे, जणू गवताच्या तुऱ्याचा एकेक धागा. फेसाला आठ गुण पडले. बोअरचं पाणी आलं त्या दिवशी मात्र तीन. तो ब्रशाचा दोष नाही, असा शेरा पुढे लिहिला आहे.

पिठोरी अमावास्या झाली आणि दुसऱ्या दिवशी महिन्याची दाढी उतरवायला ते नाक्यावरच्या सलूनमध्ये गेले. बरोबर रुमालात गुंडाळून ब्रश नेला. एवढं जंगल आधी मशीननं कापावं लागणार, मग शेवटचा हात आपल्या ब्रशानं मारून घ्यावा, असा बेत. खुर्चीत बसल्यावर त्यांना संत सेना न्हाव्यांची आठवण झाली. सेना महाराजांनी हजामतीचं सामान घेऊन अभंग बांधला, त्यात विवेकाचा आरसा आहे, वैराग्याचा चिमटा आहे, शांतीचं पाणी आहे. ब्रश मात्र नाही. धोकटीत तो फार उशिरा आला आणि अध्यात्मात अजून शिरलेला नाही.

कारागिरानं ब्लेड मध्ये मोडलं, अर्धं पातं वस्तऱ्यात बसवलं आणि रुमालातला ऐवज हातात घेऊन अंगठ्यानं केस मागे-पुढे केले.

“मस्त झालाय काका. किती दिवस वापरताय?”

“महिना-दीड महिना. मुरवत होतो.”

“महिना?” कारागीर हसला. त्याच्या फळीवर प्लास्टिकच्या मगमध्ये त्याचा स्वतःचा ब्रश होता, मूठ रंग उडालेली, केस आखूड आणि लोण्यासारखे. “माझा दोन दिवसांत सरळ होतो. दिवसाला पंचवीस-तीस गिऱ्हाईकं. तीच सरळ करतात त्याला.”

गृहस्थांनी हा हिशेब डायरीत लिहिला नाही. पण ब्रश गालावर फिरला तेव्हा त्यांनी डोळे मिटले, हे कारागिरानं नंतर दोन-तीन जणांना सांगितलं. टोचणं नाही, ओघळ नाही. फेस उभा राहतोय, केसांचा कणा दाढीला मुळापासून उचलतोय आणि टोकं नुसती फुंकर घातल्यासारखी. दुसऱ्या दिवशी घरी दहापैकी साडेनऊ दिले. अर्धा गुण वाटी परत करावी लागली म्हणून कापला.

हरतालिकेच्या आदल्या दुपारी मखराचं सामान माळ्यावरून उतरलं. गृहस्थ थर्माकोलबंदीवर एकटेच बोलत होते, ऐकायला कोणी नव्हतं. सुतळी शोधत ते न्हाणीघराशी गेले. बाई पाटावर बसून समई घासत होत्या. पितांबरीची पुडी उघडी, समईचे पाच भाग वेगवेगळे करून मांडलेले, आणि मधल्या खांबावरच्या वेलबुट्टीत हिरवं धरलेलं जिथं बोट जात नाही, तिथं एक ब्रश अलगद फिरत होता. लाकडी मूठ. गोंड्यासारखा फुललेला.

“हा तुमचा छान मऊ झालाय हो आता,” बाई मान वर न करता म्हणाल्या. “नक्षीतलं सगळं निघालं. नायलॉनच्यानं ओरखडे येतात. ही झाली की निरांजनं आणि घंटाही काढते.” आणि मग ब्रश पाण्यात बुचकळत, “कशाचा म्हणालात हा?”

गृहस्थांनी देवघराकडे पाहिलं, समईकडे पाहिलं. तिथं दशावतारांत तिसरा कोण हे आठवून त्यांनी थोडा धीर धरला.

“बोअरचा.”

“तेच म्हटलं,” बाई समईवर तांब्या ओतत म्हणाल्या. “आज नळाला थेंब नाही सकाळपासून. सगळं बोअरच्याच पाण्यानं चाललंय.”